दहा, अकरा की बारा? अकूस्टिक गिटारच्या तारा निवडताना

दुकानात जाऊन "गिटारच्या तारा द्या" म्हटलं की काउंटरमागून उलटा प्रश्न येतो, "दहा, अकरा की बारा?" नवखा माणूस इथेच गडबडतो. बरेच जण "नेहमीच्या द्या" म्हणून सुटका करून घेतात आणि हाताला लागेल ते पाकीट घेऊन घरी येतात. मग एफ कॉर्ड धरताना बोटं भाजून निघतात, नाहीतर गिटार अचानक किरकिरी वाजायला लागते. दोष मात्र बोटांवर जातो, नाहीतर गिटारवर. त्या पाकिटातल्या सहा तारांवर कुणी संशय घेत नाही.

हा आकडा म्हणजे पहिल्या तारेची, म्हणजे सगळ्यांत बारीक तारेची जाडी. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले किती, ते हा आकडा सांगतो. बारा म्हणजे ०.०१२ इंच, साधारण ०.३ मिलिमीटर. याला गेज म्हणतात. संच ओळखला जातो तो पहिल्या तारेवरून, बाकीच्या पाच त्या बेताने ठरलेल्या असतात. दहाच्या संचात बहुतेक वेळा १०, १४, २३, ३०, ३९, ४७ असा क्रम मिळतो, बाराच्यात १२, १६, २४, ३२, ४२, ५३ आणि तेराच्यात १३, १७, २६, ३५, ४५, ५६. कंपनीप्रमाणे मधल्या एखाद्या तारेत उन्नीस-बीस होतं.

पाकिटावर गेजला नावंही असतात: एक्स्ट्रा लाइट म्हणजे दहा, कस्टम लाइट म्हणजे अकरा, लाइट म्हणजे बारा, मीडियम म्हणजे तेरा. या नावांच्या नादी लागू नका. 'लाइट' वाचून शिकाऊ मुलासाठी बाराचा संच नेणारे आईबाप खूप असतात, आणि त्या कोवळ्या बोटांना बारा अजिबात लाइट नसतो. भरीला भर म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेत लाइट म्हणजे दहा. आकडा बघायचा, नाव सोडून द्यायचं.

एक हजारांश इंच म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. एवढ्याशा फरकाने असं काय होतं? गंमत अशी की तार किती जाड यापेक्षा ती किती ताणावी लागते हे महत्त्वाचं आहे, आणि ताण जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिली तार सेकंदाला सुमारे ३३० वेळा थरथरली तरच ती सुरात लागते. बारीक असो की जाड, हा आकडा बदलता येत नाही. जाड तार जड असते आणि जड तार आळशी असते, तेवढ्याच वेगाने थरथरायला तिला जास्त खेचावं लागतं. दहाच्या जागी बारा घेतली तर जाडी वाढते वीस टक्के, पण ताण वाढतो चव्वेचाळीस टक्के.

किलोमध्ये बघू. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (फळीवर तारा जिथे अडकवतात तो तुकडा) साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारवर दहाची पहिली तार साडेसात किलोच्या आसपास ताणलेली असते, अकराची नऊच्या आसपास, बाराची साडेदहाच्या. सहाही तारांची बेरीज केली तर दहाच्या संचाचा ताण साठेक किलो, बाराचा चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर, तेराचा पंच्याऐंशीच्या घरात. म्हणजे गिटारच्या पुढच्या, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडी फळीला एक धडधाकट माणूस रात्रंदिवस लोंबकळत असतो, आणि गेज बदललं की त्याचं वजन बदलतं.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. ताण कमी असेल तर तार दाबायला सोपी, बोटाने वाकवून स्वर चढवायला सोपी. पण ती फळीला फारशी हलवत नाही, त्यामुळे आवाज थोडा पातळ येतो, आणि जोरात स्ट्रमिंग केलं, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला, की तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटून खरखरते. ताण जास्त असेल तर आवाज भरीव, खालच्या, म्हणजे जाड तारांना वजन, पण डाव्या हाताची परीक्षा. बसून एकेक तार छेडणाऱ्याला अकरा पुरेशा होतात. ट्रेकच्या शेकोटीभोवती वीस जणांच्या गाण्याला साथ करायची असेल तर अकरा कमी पडतील.

माझं मत विचाराल तर शिकायला सुरुवात करणाऱ्याने अकरा घ्याव्यात. दहा घेतल्या तर सवय फारच हलक्या हाताची होते आणि आवाजाचं समाधान मिळत नाही. बोटांच्या टोकांना घट्टे पडले, एफ आणि बी मायनर स्वच्छ वाजायला लागले की बारावर जायचं, आणि पूर्ण मापाच्या ड्रेडनॉटवर, म्हणजे मोठ्या अंगाच्या गिटारवर, बहुतेकांनी आयुष्यभर तिथेच राहिलं तरी काही बिघडत नाही. दहा लहान मुलांसाठी, सांधे दुखणाऱ्यांसाठी आणि जुन्या, नाजूक झालेल्या गिटारसाठी. तेरा कुणासाठी? ज्याला तेरा हव्यात त्याला हा लेख वाचायची गरज नसते. जाड तारा लावणारा तो खरा वादक, असा एक समज कॉलेजच्या कट्ट्यांवर फिरत असतो, तो मनगट दुखेपर्यंतच टिकतो.

पण थांबा. बोटं दुखतात म्हणून हलक्या तारा घेण्याआधी एक पट्टी घ्या. बाराव्या फ्रेटपाशी, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. सहाव्या, जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास असेल तर ठीक. तिथे चार मिलिमीटर निघाले तर दोष तारांचा नाही, गिटारच्या बांधणीचा किंवा सेटअपचा, म्हणजे जुळणीचा आहे. या उंचीला ॲक्शन म्हणतात. आपल्याकडच्या स्वस्त गिटारींची ॲक्शन कारखान्यातूनच उंच आलेली असते. अशा गिटारवर कोणत्याही गेजच्या तारा लावल्या तरी छळच. चांगल्या कारागिराकडून सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून घेणं आणि नटच्या खाचा नीट करून घेणं हा त्यावरचा उपाय, आणि तो महागड्या तारांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

गेज बदललं की गिटारही थोडी हलते, हेही लक्षात असू द्या. अकरावरून तेरावर उडी मारली तर वाढलेल्या ताणाने मान पुढे झुकते आणि ॲक्शन वर जाते. उलट बारावरून दहावर आलात तर मान मागे जाते आणि पहिल्या काही फ्रेटवर खरखर सुरू होते. मानेच्या आत ट्रस रॉड नावाची सळई असते, ती थोडी फिरवून हे जुळवता येतं. एका पायरीचा बदल बहुतेक गिटारी मुकाट्याने सोसतात. दोन पायऱ्यांच्या बदलाला सेटअप लागतोच.

ताणाच्या हिशेबात जाडीसारखीच लांबीही येते, तीसुद्धा वर्गात. नट ते ब्रिज हे अंतर गिटारीगणिक वेगळं असतं. टेलर कंपनीची जीएस मिनी ही छोटी गिटार घ्या. तिची लांबी साडेतेवीस इंच, पण ती कारखान्यातून मीडियम, म्हणजे तेराच्या तारा लावून येते. एवढ्याशा गिटारला तेरा? हिशेब मांडला की कोडं सुटतं. लांबी साडेपंचवीसवरून साडेतेवीस केली की ताण पंधरा टक्क्यांनी उतरतो, बाराच्या जागी तेरा लावल्या की सतरा टक्क्यांनी चढतो, आणि फिरून आपण जवळपास तिथेच येतो. मोठ्या गिटारवरची बारा आणि या चिमुकलीवरची तेरा बोटाला सारखीच लागते. तेव्हा घरी प्रवासी गिटार किंवा पाऊण मापाची गिटार असेल तर "लहान गिटारला बारीक तारा" हा सोपा वाटणारा नियम लावू नका. तिला पूर्ण मापाच्या गिटारपेक्षा एक पायरी जाड तार बरी. बारीक लावलीत तर तार सैल पडते, सूर टिकत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सूर. गायकाची पट्टी सांभाळायला पूर्ण गिटार अर्धा स्वर उतरवून वाजवणारे साथीदार आपल्याकडे भरपूर. अर्धा स्वर उतरला की ताण अकरा टक्क्यांनी कमी होतो. कायम उतरवूनच वाजवणार असाल तर बाराच्या जागी तेरा लावा, हाताला फारसा फरक कळणार नाही आणि खालची तार लोंबणार नाही. कधीतरी एखाद्या गाण्यापुरतं उतरवत असाल तर एवढा खटाटोप नको.

आता एक इशारा, आणि तो गंभीर आहे. तुमच्या हातात आहे ती गिटार क्लासिकल तर नाही ना, हे आधी बघा. मान रुंद, नटपाशी बावन्न मिलिमीटरच्या आसपास, डोक्याला दोन लांब खाचा, ब्रिजला तारा गाठ मारून बांधलेल्या, पहिल्या तीन तारा प्लॅस्टिकसारख्या दिसणाऱ्या. असं असेल तर त्यावर स्टीलच्या तारा लावू नका, दहाच्यासुद्धा नाही. क्लासिकल गिटारच्या सहा तारांचा मिळून ताण चाळीसेक किलोच असतो आणि तिची फळी तेवढ्याचसाठी बांधलेली असते. आतल्या आधाराच्या पट्ट्या तिच्यात पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या असतात. स्टीलच्या तारांच्या गिटारला त्या फुलीच्या आकारात आणि दणकट असतात. क्लासिकलवर स्टील चढवलं की काही महिन्यांत ब्रिजमागची फळी फुगते, कधी ब्रिजच उखडून येतो. अमेरिकेत अल्बर्ट ऑगस्टीन यांनी १९४० च्या दशकात नायलॉनच्या तारा बनवायच्या आधी या गिटारवर प्राण्यांच्या आतड्याच्या तारा असायच्या. स्टीलचा आणि तिचा संबंध तेव्हाही नव्हता. या गिटारसाठी नायलॉनच घ्यायची आणि पाकिटावर 'नॉर्मल टेन्शन' लिहिलंय ना, एवढं बघायचं.

गेज ठरलं की प्रश्न येतो धातूचा. पहिल्या दोन तारा नुसत्या पोलादाच्या, त्यात निवडायला फारसं काही नाही. फरक आहे तो खालच्या चार तारांत. त्यांच्या गाभ्याला पोलाद असतं आणि वरून दुसऱ्या धातूची बारीक तार गच्च गुंडाळलेली असते. ही गुंडाळी आवाजाचा रंग ठरवते. तंबोऱ्यात जोडीच्या तारा पोलादी आणि खर्जाची पितळी का असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवं काही वाटणार नाही.

मुख्य प्रकार दोन. पहिला ८०/२०, म्हणजे ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के जस्त. पाकिटावर त्याला ब्रॉन्झ म्हणतात, पण तांबं आणि जस्त म्हणजे आपलं पितळच. आवाज खणखणीत, वरच्या स्वरांना झिलई, नव्या तारांवर तर कानात घुंगरू वाजल्यासारखा. हा चकचकाट लवकर उतरतो, घाम आणि हवा लागली की पितळ काळवंडतं. दुसरा फॉस्फर ब्रॉन्झ. यात तांब्याबरोबर आठेक टक्के कथील आणि नावाला फॉस्फरस. हे काशाच्या कुळातलं. गिटारच्या तारांत ते १९७४ साली डॅडारिओ कंपनीने आणलं. याचा आवाज पहिल्या दिवशी थोडा कमी झळाळतो, पण जास्त गोल आणि घुमारदार असतो आणि तो जास्त दिवस तसाच राहतो.

यातून निवडताना आपल्या गिटारचा स्वभाव बघावा. महोगनीच्या, मुळातच गोड आवाजाच्या गिटारवर ८०/२० छान उठाव देते. आधीच कर्कश वाटणाऱ्या प्लायवूडच्या गिटारवर तीच तार कान किटवते, तिथे फॉस्फर ब्रॉन्झ बरी. काहीच ठरत नसेल तर फॉस्फर ब्रॉन्झ घ्या, त्यात सहसा पस्तावायची वेळ येत नाही. रेशमाचे धागे घातलेल्या 'सिल्क अँड स्टील' तारा मऊ असतात, ताणही कमी. बोटांनी हळुवार वाजवणाऱ्यांना त्या आवडतात, पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पातीने, झोडपणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि गिटारच्या भोकात चुंबकीय पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे पाठवणारं यंत्र) बसवला असेल तर निकेलची गुंडाळी असलेल्या तारा बघा. चुंबकाला ब्रॉन्झ ऐकूच येत नाही, त्याला फक्त आतलं पोलाद कळतं, म्हणून ॲम्प्लिफायरमधून पहिल्या दोन तारा ओरडतात आणि खालच्या दबून जातात. ब्रिजखालच्या, चुंबकाऐवजी कंपनं टिपणाऱ्या पिझो पिकअपला हा त्रास नाही.

इथपर्यंतचं सगळं जगात कुठेही लागू. यापुढचं मात्र आपल्या हवेचं.

पावसाळ्यात मुंबई-कोकण-गोव्याकडे हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर ठाण मांडून बसते. गिटार सुखात असते ती पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांत. जास्तीचं पाणी लाकूड पितं, फळी फुगते, तिच्याबरोबर ब्रिज वर येतो आणि ॲक्शन चढते. मेमध्ये मऊ लागणाऱ्या त्याच तारा जुलैत बोटं कापतात. तारा जुन्या झाल्या म्हणून लोक नव्या आणतात, त्याही तशाच लागतात. रत्नागिरीत हे, तर नागपुरात एप्रिल-मेच्या कोरड्या भट्टीत नेमकं उलटं. फळी आत बसते, ॲक्शन पडते, तारा फ्रेटवर खरखरतात आणि मानेच्या कडेने फ्रेटची टोकं हाताला टोचू लागतात. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेला हिवाळाभर हीटर लावून राहणाऱ्या मराठी घरांतही गिटारचं असंच होतं. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने गेज ठरवताना पावसाळ्यातला हात विचारात घ्यावा. जूनमध्ये बारा जेमतेम झेपत असतील तर चार महिने अकरा लावण्यात कमीपणा नाही.

दुसरं संकट गंजाचं. खाऱ्या हवेत, त्यात हाताला घाम येणाऱ्याकडे, साध्या ब्रॉन्झच्या तारा रोज वाजवल्या तर महिनाभरात मेल्यासारख्या वाजतात. इथे कोटेड तारांचा विचार करावा. एलिक्सर या तारा १९९७ च्या सुमारास बाजारात आल्या, त्या काढणारी कंपनी गोर, म्हणजे पावसाळी जॅकेटांचं गोरटेक्स कापड बनवणारी. त्याच जातीच्या पदार्थाचा अतिपातळ थर तारेवर असतो आणि तो घाम, ओल, मळ गुंडाळीच्या फटींत शिरू देत नाही. आता जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्या अशा तारा करतात. साध्या तारेच्या साधारण दुप्पट पैसे पडतात. काहींना ती बोटाखाली बुळबुळीत लागते, आवाजाची धार किंचित बोथट वाटते, आणि जोरात पिक मारणाऱ्यांच्या तारांवर काही आठवड्यांनी त्या थराचे पांढरट धागे सुटायला लागतात. ते दिसायला वाईट, आवाजाला फारसे बाधक नाहीत.

हिशेबाने बघायचं तर पुण्या-नाशकात राहून आठवड्यातून दोनदा गिटार हातात घेणाऱ्याला साध्या फॉस्फर ब्रॉन्झ पुरतात. डोंबिवली, अलिबाग, मालवण, मडगाव इथे राहणाऱ्याला कोटेडच स्वस्त पडतात, कारण दुप्पट किमतीची तार दुपटीपेक्षा बरीच जास्त टिकते. कोणतीही तार घ्या, वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. खालून विशेष, घाम तिथेच साचतो.

तारा कधी बदलायच्या हे तारा स्वतःच सांगतात. चौथ्या तारेच्या खालून, दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या जागी नख फिरवा. फ्रेटवर दाबून दाबून गुंडाळीला खाच पडलेली नखाला लागते. अशी खाच पडली की तिथून पुढे तार एकसारखी थरथरत नाही. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर दाखवते आणि बाराव्या फ्रेटवर बेसूर निघते, त्याचं एक कारण हे. पहिली तार काळी, खरबरीत लागली तर तीही गेली. एखादीच तुटली आणि बाकीच्या महिन्याभराच्या आत लावलेल्या असतील तर सुटी तार घेऊन भागतं, नाहीतर नवी एकटीच टणटणते आणि कान तिकडेच जातो.

खरेदीबद्दल थोडं. मुंबईत धोबी तलावावरचं फुर्ताडो हे १८६५ पासूनचं नाव, गोव्यातही त्यांची दुकानं आहेत. अशा वाद्यांच्याच दुकानात गेज सांगितलं की हवं ते मिळतं. ऑनलाइन घेताना बनावट मालापासून जपा, नामांकित कंपन्यांच्या नकली तारा सर्रास विकल्या जातात. सहा मोठ्या नावाच्या तारा कुणी दीडशे रुपयांत देत असेल तर त्या तशा नाहीत. डॅडारिओच्या तारांच्या टोकाला पितळी मणी असतात आणि त्यांना रंग दिलेले असतात: पहिलीला चंदेरी, दुसरीला जांभळा, तिसरीला हिरवा, चौथीला काळा, पाचवीला लाल, सहावीला पितळेचाच. बनावट संचात हे रंग ओघळलेले किंवा फिकट दिसतात. पाकिटात एक सांकेतिक क्रमांकही असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की खरा आहे की आधी वापरलेला आहे ते तिथेच कळतं. तारा लावायच्या आधी हे करून घ्या, कारण एकदा खुंटीला पीळ देऊन टोक कापलं की दुकानदार परत घेत नाही.